बीजप्रक्रिया आणि पुराव्याची शेती

आपल्या विहारांत त्रिरत्न वंदना म्हणताना धम्माचे जे गुण आपण उच्चारतो, त्यांत ‘एहिपस्सिको’ हा एक शब्द येतो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. तथागतांनी आपला धम्म मान्य करण्यासाठी श्रद्धेची अट घातली नाही. तपासून पाहण्याचे निमंत्रण दिले. कालाम सुत्तातही केवळ परंपरेने आले किंवा थोर माणसाने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नये, अशीच शिकवण आहे. हा विचार आपण भाषणांत वारंवार सांगतो. परंतु मृग नक्षत्र लागल्यावर आपल्यापैकी बहुतेकांच्या वावरात जो व्यवहार चालतो, त्यात हा विचार कितपत उतरतो? कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून मिळालेली पुडी बियाण्याला चोळली जाते, पीक बरे आले तर औषधाचे नाव होते आणि बिघडले तर नशिबाचे. औषध खरोखर लागू पडले की नाही, हे पाहण्याची सोय आपण ठेवलेलीच नसते.

प्रस्तुत लेखात बीजप्रक्रिया म्हणजे काय, ती कोणत्या रोगांवर चालते व कोणत्यांवर चालत नाही, आणि तिची परीक्षा आपल्याच जमिनीत कशी घ्यावी, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न आहे. कामरगाव आणि कारंजा तालुक्याच्या परिसरातील सोयाबीन, तूर व हरभरा ही पिके डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. विषय शेतीचा असला तरी त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. म्हणून आरंभ तेथून करू.

गव्हाची काजळी आणि एकशे वीस वाफे

अठराव्या शतकात फ्रान्समधील गव्हाला एका रोगाने ग्रासले होते. ओंबीतील दाणा वरून धड दिसे, पण फोडला की आत दुर्गंधीयुक्त काळी भुकटी निघे. कोणी म्हणे धुक्याने होते, कोणी म्हणे चंद्राच्या प्रभावाने, कोणी म्हणे खतामुळे. मॅथ्यू तिये नावाचा एक गृहस्थ टांकसाळीत अधिकारी होता. त्याने या मतांवर वाद घालण्याऐवजी शेताचे एकशे वीस लहान वाफे पाडले. काही वाफ्यांत स्वच्छ बियाणे पेरले, काहींत तीच काळी भुकटी मुद्दाम चोळलेले बियाणे पेरले, काहींत भुकटी चोळून नंतर चुना, मीठ इत्यादींच्या पाण्यात धुतलेले बियाणे पेरले. खतेही निरनिराळी दिली. निकाल स्पष्ट निघाला. जेथे भुकटी, तेथे रोग. जेथे चुन्यामिठाने बियाणे धुतले, तेथे रोग कमी. 1755 साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ती भुकटी म्हणजे सजीव बुरशीचे बीजाणू आहेत, हे मात्र तियेला उमगले नव्हते. ते 1807 साली बेनेडिक्ट प्रेव्हो याने दाखविले. बीजाणू पाण्यात रुजताना त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तांब्याच्या अत्यल्प अंशानेही त्यांचे रुजणे थांबते, हेही त्याच्या लक्षात आले. मोरचुदाच्या पाण्याने बियाणे भिजविण्याची पद्धत त्यातून पुढे आली. तत्कालीन विद्वानांनी प्रेव्होचे म्हणणे मानले नाही. रोगामुळे बुरशी उद्भवते, बुरशीमुळे रोग होत नाही, अशी त्यांची समजूत होती.

या समजुतीची किंमत काही दशकांनी आयर्लंडच्या गोरगरिबांनी मोजली. 1845 साली तेथील बटाट्यावर करपा आला. लहानशा तुकड्यावर कुळाने राबणाऱ्या कुटुंबाचे पोट बटाट्यावरच चाले, कारण इतक्या थोड्या जमिनीत दुसऱ्या कोणत्याही पिकाने ते भरले नसते. धान्य होते, पण ते जमीनदाराच्या खंडाकडे जाई आणि दुष्काळातही देशाबाहेर रवाना होई. पुढील काही वर्षांत उपासमारीने व साथीच्या आजारांनी सुमारे 10 लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. पुष्कळांनी त्याला ईश्वरी कोप मानले. माइल्स बर्कली यांनी 1846 मध्ये बुरशी हेच कारण असल्याचे मांडले आणि जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी पुढे प्रयोगांनी ते सिद्ध केले. बटाट्याचे बेणे म्हणजे प्रत्यक्ष कंदच असल्यामुळे रोगट कंदातून ही बुरशी एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाते, हेही उलगडले.

या इतिहासातून दोन गोष्टी हाती येतात. एक, रोगाला कारण असते व ते शोधता येते. दोन, कारण कळण्याआधीही काळजीपूर्वक केलेल्या तुलनेतून उपाय सापडू शकतो. तियेला बुरशी ठाऊक नव्हती. तरीही त्याचे वाफे खरे बोलले.

रोग कोणत्या वाटेने येतो?

कारणावाचून कार्य नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आपल्या परिचयाचा आहे. वनस्पतिरोगशास्त्रही हेच सांगते. रोगाला बळी पडणारे वाण, रोगकारक बुरशी आणि तिला अनुकूल हवामान ही तिन्ही एकत्र आली तरच रोग दिसतो. यांपैकी एक जरी दूर केले तरी साखळी तुटते. बीजप्रक्रिया ही साखळीची फक्त एक कडी तोडते. कोणती, ते समजून घेतले पाहिजे.

बुरशी पिकापर्यंत मुख्यतः तीन वाटांनी पोहोचते. पहिली वाट बियाण्याची. सोंगणीच्या वेळी पाऊस झाला की सोयाबीनच्या दाण्यावर बुरशी वाढते, दाणा काळपट पडतो, आणि पुढल्या वर्षी तोच पेरला तर जमिनीखालीच कुजतो. दुसरी वाट मातीची. हरभऱ्याचा आणि तुरीचा मर रोग करणारी फ्युजेरियम बुरशी मातीत व पिकाच्या अवशेषांत कित्येक वर्षे तग धरून राहते. सोयाबीनची मूळकुज व मानकुज करणाऱ्या बुरशाही मातीतल्याच. तिसरी वाट हवेची. पानांवरील ठिपके, तांबेरा, बटाट्याचा करपा हे वारा-पावसासोबत पसरतात.

बियाण्याला लावलेले बुरशीनाशक पहिल्या वाटेवर सर्वांत चांगले काम करते. दुसऱ्या वाटेवर ते काही दिवसांपुरते संरक्षण देते. रोप मातीबाहेर येऊन मूळ धरेपर्यंतचा नाजूक काळ त्यामुळे निभावतो. तिसऱ्या वाटेवर त्याचा प्रभाव जवळजवळ नसतो. म्हणून तूर फुलोऱ्यावर आल्यावर मरू लागली तर बीजप्रक्रिया वाया गेली असे म्हणणे जसे चूक, तसेच बीजप्रक्रिया केली म्हणून मर येणारच नाही, ही समजूतही चूक. मुळांतून शिरणाऱ्या या बुरशीची ओळख आयरिश शास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी बिहारमधील पुसा येथील संस्थेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पटविली आणि 1910 साली तिला नाव दिले. तिच्यावरचा खरा उतारा प्रतिकारक वाण आणि पिकांची फेरपालट हा आहे. बदनापूर येथील संशोधन केंद्राने दिलेले बीएसएमआर 736 व बीएसएमआर 853 हे तुरीचे वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहेत. हरभऱ्यात जाकी 9218 हे मररोगास प्रतिकारक वाण आपल्या भागात परिचित आहे. सोयाबीनचा पिवळा मोझॅक तर बुरशीचा नसून विषाणूचा आहे व तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. त्यावर बुरशीनाशक चोळून काहीच साधत नाही.

बटाट्याचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांत बटाट्याची मोठी लागवड होते. कंदावर काळी खवली धरणाऱ्या बुरशीसाठी बेणे शीतगृहात ठेवण्यापूर्वी बोरिक आम्लाच्या 3 टक्के द्रावणात अर्धा तास बुडविण्याची शिफारस आहे, आणि ती खवलीसाठीच आहे. हवेतून येणाऱ्या करप्यासाठी निरोगी बेणे, वेळेवर फवारणी आणि प्रतिकारक वाण हेच उपाय. एक औषध सर्व रोगांवर चालते असे कोणी सांगितले, तर त्याला कोणती बुरशी आणि कोणती वाट, एवढे दोन प्रश्न विचारावेत.

शिफारस काय आहे?

सोयाबीनसाठी प्रचलित शिफारस अशी : कार्बोक्सिन 37.5 टक्के व थायरम 37.5 टक्के हे मिश्र बुरशीनाशक दर किलो बियाण्यास 3 ग्रॅम. एकरी 30 किलो बियाणे धरले तर औषध लागते अवघे 90 ग्रॅम. उभ्या पिकावर पुढे कराव्या लागणाऱ्या फवारणीच्या खर्चाशी व कष्टाशी याची तुलना करून पाहावी. त्यानंतर रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांची प्रक्रिया करायची असते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुरशीनाशक, मग आवश्यक असल्यास कीटकनाशक, बियाणे सावलीत सुकविणे, आणि अगदी पेरणीच्या तोंडावर जिवाणू संवर्धक. जिवाणू हे सजीव आहेत. त्यांना औषधात कालवून तासन् तास ठेवले किंवा उन्हात सुकविले, तर आपण पैसे देऊन आणलेले जीव आपल्याच हाताने मारतो. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरायची असेल तर तिलाही हाच न्याय लागू. ती स्वतःच बुरशी असल्यामुळे रासायनिक बुरशीनाशकासोबत तिची सरमिसळ करू नये.

सोयाबीनच्या दाण्याचे कवच फार पातळ असते. बियाण्याची पोती उंचावरून आपटणे, मळणी यंत्राची गती जास्त ठेवणे, औषध चोळताना बियाणे ओलेचिंब करणे किंवा जोराने घासणे, यांमुळे उगवण घटते. अशा वेळी दोष औषधाला दिला जातो. औषध कमीत कमी पाण्यात कालवून हलक्या हाताने किंवा बीजप्रक्रियेच्या फिरत्या ड्रममध्ये लावावे.

बिनऔषधाचा पट्टा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शिफारस ही प्रयोगांतूनच तयार होते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून विदर्भातील पिकांवर असे प्रयोग करीत आले आहे आणि त्या ज्ञानाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि विद्यापीठाचे प्रक्षेत्र आणि आपले वावर यांत अंतर असते. आपल्या समाजातील अनेकांच्या वाट्याला आलेली जमीन गायरानाची, हलकी, मुरमाड किंवा नाल्याकाठची पाणथळ आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, तेव्हा कोठे अशा जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आला. एवढ्या कष्टाने मिळालेल्या दोन-तीन एकरांत औषध कसे वागते, हे त्या दोन-तीन एकरांतच पाहावे लागेल.

त्याची रीत सोपी आहे. एकाच पोत्यातील बियाणे घ्यावे. अर्धे प्रक्रिया करून, अर्धे तसेच ठेवावे. वावरातील एका तुकड्यात आठ सारखे पट्टे आखावेत. प्रत्येक पट्टा पाच-सहा तासांचा. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा चार जोड्या होतात. प्रत्येक जोडीत औषधाचा पट्टा कोणता हे चिठ्ठी टाकून ठरवावे. आपण मनाने ठरविले तर नकळत चांगली जमीन औषधाला देतो. धुऱ्याकाठचे व झाडाच्या सावलीतले तास मोजणीत धरू नयेत. पेरणी एकाच दिवशी, एकाच तिफणीने, 3 ते 5 सेंटिमीटर खोलीवर करावी. बिनऔषधाचे सर्व पट्टे आधी पेरून घ्यावेत, म्हणजे चाड्याला चिकटलेले औषध त्यांत मिसळणार नाही. इतर सर्व मशागत सारखीच ठेवावी. फरक फक्त एकाच गोष्टीचा असला, तरच निकालातील फरक त्या गोष्टीचा म्हणता येतो.

मोजणी तीनदा करावी. पेरणीनंतर दहा-बारा दिवसांनी प्रत्येक पट्ट्यात ठरावीक लांबीतील रोपे मोजावीत. महिन्याने त्याच लांबीत मेलेली वा वाळलेली रोपे मोजावीत. शेवटी प्रत्येक पट्ट्याचे उत्पन्न वेगळे मळून वजन करावे. शक्य असेल तर मोजणारी व्यक्ती अशी असावी, जिला औषधाचा पट्टा कोणता हे ठाऊक नाही. ज्याने पैसे खर्च केले त्याच्या डोळ्यांना औषधाच्या पट्ट्यात जास्त रोपे दिसतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

आकडे कसे वाचावेत?

दोन काल्पनिक उदाहरणे घेऊ. समजा, प्रत्येक पट्ट्यात शंभर दाणे टोकून उगवलेली रोपे मोजली. पहिल्या शेतात औषधाच्या चार पट्ट्यांत 82, 78, 85 व 79, आणि त्यांच्या जोडीच्या बिनऔषधाच्या पट्ट्यांत 74, 80, 70 व 76 रोपे आली. सरासरी अनुक्रमे 81 आणि 75. म्हणजे औषधाने 6 रोपे वाढली, असे कोणी म्हणेल. पण जोडीजोडीने पाहा : फरक 8, उणे 2, 15 आणि 3 असा आहे. एका जोडीत तर बिनऔषधाचा पट्टाच सरस ठरला. फरक एवढा हेलकावत असेल, तर ही वाढ औषधाची की जमिनीच्या उतारसखलाची हे सांगता येत नाही. येथे निकाल ‘औषध लागू पडले’ असाही नाही आणि ‘पडले नाही’ असाही नाही. पुढल्या हंगामी अधिक जोड्या घेऊन पुन्हा पाहावे, एवढेच हे आकडे सांगतात.

दुसऱ्या शेतात औषधाचे पट्टे 84, 81, 86 व 81 आणि बिनऔषधाचे 73, 71, 74 व 70. फरक 11, 10, 12 आणि 11. चारही जोड्यांत एकाच दिशेचा आणि जवळजवळ सारखा. येथे मात्र औषधाने काम केले यावर विश्वास ठेवण्यास आधार आहे. त्यातही एकाच वर्षाचा पाऊस पाहून कायमचा निष्कर्ष काढू नये. कोरड्या वर्षी ज्या बुरशा डोके वर काढतात, त्या ओल्या वर्षीच्या बुरशांहून निराळ्या असतात.

पुनरावृत्ती, चिठ्ठीची निवड आणि तुलनेचा बिनऔषधी पट्टा या तीन तत्त्वांवर आधुनिक शेतीप्रयोगांचे सगळे शास्त्र उभे आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी ते घडविले. भारतात या शास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे होते. डॉ. पानसे व त्यांनी मिळून लिहिलेला, शेतीसंशोधकांसाठीचा संख्याशास्त्राचा ग्रंथ 1954 साली निघाला आणि कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला. जे शास्त्र मराठी खेड्यातील मुलाने आत्मसात केले, ते आपल्या शाळेतील मुलांना अवघड जाण्याचे कारण नाही.

शाळेत करता येण्याजोग्या दोन परीक्षा

वावरातील प्रयोगाआधी दोन लहान परीक्षा घेता येतात, आणि त्या विद्यार्थ्यांनी केल्या तर गावाला त्यांचा थेट उपयोग होईल.

पहिली गोणपाटाची. बियाण्यातून निवड न करता सरसकट शंभर दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावेत, गुंडाळून सावलीत ठेवावेत आणि ओल टिकवावी. सुमारे आठवड्याने निकोप कोंब आलेले दाणे मोजावेत. सोयाबीनमध्ये ते 70 किंवा अधिक असतील तर बियाणे पेरणीयोग्य. कमी असतील तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे वा बदलावे. कुजलेल्या दाण्यांवर कापसासारखी वा काळी बुरशी दिसली, तर रोग बियाण्यातूनच येतो आहे आणि प्रक्रियेचा लाभ होण्याची शक्यता मोठी, असे समजावे.

दुसरी कुंडीची. ज्या वावरात दरवर्षी हरभरा मरतो, तेथील माती काही कुंड्यांत भरावी; तितक्याच कुंड्यांत रोग नसलेल्या वावराची माती भरावी. दोन्हींत प्रक्रिया केलेले व न केलेले बियाणे पेरावे. अशा चार प्रकारांच्या कुंड्या महिनाभर पाहिल्या की दोष बियाण्याचा की मातीचा, हे समोर येते. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेत प्रतिकारक वाणांची निवड अशाच तत्त्वावर, मुद्दाम रोगट ठेवलेल्या जमिनीत केली जाते. मृत रोपाचे खोड उभे चिरून आतील भाग तपकिरी-काळा दिसतो का, हेही मुलांना दाखवावे. फ्युजेरियमच्या मर रोगाची ती खूण आहे. या परीक्षांत औषध लावण्याचे काम शिक्षकांनी वा पालकांनी हातमोजे घालून करावे आणि मुलांनी मोजणी व नोंद करावी.

विष आणि वाचन

बीजप्रक्रियेची एक बाजू अशी आहे, जिच्याविषयी दुकानात फारसे बोलले जात नाही. 1971 च्या अखेरीस इराकमध्ये पेरणीसाठी परदेशातून गहू आणि बार्लीचे बियाणे आले. बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याचे अतिविषारी संयुग लावलेले होते. पोत्यांवर इशारे होते, पण शेतकऱ्यांना न वाचता येणाऱ्या परक्या भाषांत. धोक्याचा रंग होता. तो धुतल्यावर विषही गेले, असे लोकांना वाटले. पेरणीचा हंगाम टळून गेलेला, घरात धान्याची चणचण; बायकांनी त्या गव्हाच्या भाकऱ्या केल्या. सरकारी नोंदीप्रमाणे 6,530 माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि 459 दगावली. ज्यांची नोंद झाली नाही ते वेगळेच.

हे दूरदेशी घडले म्हणून सोडून देता येत नाही. 2017 च्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. बियाणे चोळणारे, सरत्यामागे चालणारे आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणारे हात बहुधा मजुराचे असतात, आणि ते मजूर कोणत्या वस्तीतून येतात हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पीक मालकाचे आणि विष मजुराच्या अंगावर, ही विभागणी जुन्या गावगाड्याचीच नवी आवृत्ती होय.

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. प्रक्रिया उघड्या हवेत, हातमोजे व तोंडावर फडके बांधून करावी. मजुराला ही साधने देणे मालकाचे कर्तव्य आहे आणि ती मागणे हा मजुराचा हक्क आहे. घरातील परात, तसराळे, बादली यासाठी वापरू नये. त्या वेळी खाणे, तंबाखू, विडी वर्ज्य. गरोदर स्त्रिया व मुले यांना दूर ठेवावे. उरलेले प्रक्रियायुक्त बियाणे खाऊ नये, कोंबड्या-जनावरांना घालू नये, बाजारात धान्य म्हणून विकू नये. लागेल तेवढ्याच बियाण्याला औषध लावावे, हा सर्वांत सोपा मार्ग. आपल्या देशात प्रत्येक कीडनाशकाच्या वेष्टनावर रंगीत चौकोन छापणे बंधनकारक आहे : लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा रंगही ‘निर्धोक’ असे सांगत नाही. वेष्टनावरील प्रमाण, पीक आणि मुदत वाचून दाखविण्याचे काम शाळकरी मुलाने घरात करावे. वाचता येणे म्हणजे काय, याचा याहून रोकडा धडा दुसरा नाही.

लहान शेतीला पुराव्याची गरज अधिक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ त्याच्या आकारावर ठरत नाही. त्यावर लावलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरते, असे त्यांनी त्यात साधार मांडले. या दृष्टीने पाहिले तर ज्ञान हेही एक भांडवल आहे. महात्मा फुले यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरला, त्यामागेही शेतकरी अज्ञानामुळे नाडला जातो, हीच जाणीव होती. पन्नास एकरवाल्याची पाच एकर पेरणी उलटली तर त्याचे नुकसान होते. दोन एकरवाल्यावर दुबार पेरणीची वेळ आली तर त्याचे वर्ष जाते आणि सावकाराचे दार उघडते. चुकीचे औषध घेणे त्याला परवडत नाही, तसेच योग्य औषध नाकारणेही परवडत नाही. दोहोंतला फरक ओळखण्याचे साधन बिनऔषधाच्या चार पट्ट्यांत आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना म्हणून एक विनंती करावीशी वाटते. येत्या खरिपात ज्यांच्याकडे थोडीही जमीन आहे, त्यांनी तिच्या एका कोपऱ्यात चार जोड्यांचा हा प्रयोग करावा. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांनी गोणपाटाची परीक्षा शेजाऱ्याच्या बियाण्यावर करून द्यावी. वही घालावी, तारीख, वाण, पाऊस, औषध, रोपांची संख्या आणि उत्पन्न लिहावे. निकाल औषधाच्या विरुद्ध गेला तरी तो तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावा. अशा वीस-पंचवीस वह्या दोन-तीन हंगामांनी शाळेत एकत्र आल्या, तर कामरगाव परिसरातील हलक्या व भारी जमिनींत कोणती प्रक्रिया उपयोगी पडते, याचा आपल्याच लोकांनी तयार केलेला दस्तऐवज उभा राहील. तो घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात गेलो, तर सल्ल्यासोबत आपल्या नोंदींवर बरोबरीच्या नात्याने चर्चाही होईल.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने एवढे जाणवते की ज्यांनी नोंदी ठेवल्या, त्यांचाच इतिहास लिहिला गेला. आपल्या आजा-पणजांनी या मातीत किती पेरले, किती उगवले आणि किती मेले, याची एक ओळही कोठे सापडत नाही. पुढच्या पिढीसाठी ती ओळ लिहिण्यास एक वही आणि एक पेन पुरेसे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!